चॅटजीपीटीचं कव्हरिंग लेटर आणि न वाजणारा फोन

प्रश्न बराच लांब होता, म्हणून आधी गोषवारा. विचारणाऱ्याचा मेकॅनिकलचा डिप्लोमा झालाय. सांगलीजवळ कुपवाड एमआयडीसीत एका छोट्या कारखान्यात तीन वर्षं क्वालिटीत आहे, आता चाकणकडं यायचंय. इंग्रजी कच्चं, म्हणून कव्हरिंग लेटर चॅटजीपीटीकडून लिहून घेतलं आणि साठेक कंपन्यांना पाठवलं. दोन महिने झाले, एकही फोन नाही. त्याला विचारायचंय की एआयनं लिहिलेलं एचआरवाल्यांना कळतं का, कळलं तर अर्ज बाद करतात का, आणि करत असतील तर मग आमच्यासारख्यांनी लिहायचं कसं. सोबत त्यानं ते लेटरही दिलंय.

मी एकोणीस वर्षं भरतीचं काम करते. आधी भोसरीत होते, आता चाकणला. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्या. त्यामुळं पुढचं सगळं या धंद्यातलं आहे. आयटीवाले आणि बँकावाले थोडं वेगळं सांगतील, त्यांचं त्यांना ठाऊक.

तर, कळतं. आणि नाही, तेवढ्यासाठी मी तरी कुणाला बाद केलेलं नाही. तुमचं लेटर मी दोनदा वाचलं. एकदा उमेदवार कसा आहे ते बघायला, आणि दुसऱ्यांदा, त्यात खरंच काही नाही ना याची खात्री करायला. 'हायली मोटिव्हेटेड' आहे, 'प्रूव्हन ट्रॅक रेकॉर्ड' आहे, 'युअर एस्टीम्ड ऑर्गनायझेशन' दोनदा आहे. कुपवाड नाही. कुठला पार्ट बनतो ते नाही. तुम्ही सकाळी कामावर जाऊन नक्की काय करता, ते एका ओळीतही नाही. हेच लेटर तुमच्या वर्गातल्या कुणीही, अगदी अकाउंट्सच्या पोरानंही, पद बदलून पाठवलं तर चालून जाईल.

आणि गंमत बघा. तुमच्याच प्रश्नाच्या शेवटी तुम्ही मराठीत जाता जाता लिहिलंय : 'आमच्याकडं बुशचं बोअर ओव्हरसाइज यायचं, ते मी रजिस्टर लावून बंद केलं, पण असलं लेटरमध्ये कसं लिहायचं कळेना म्हणून सोडून दिलं.' म्हणजे त्या पोकळ नळीसारख्या भागाचं आतलं भोक मापापेक्षा मोठं यायचं. अहो, जे सोडून दिलंत तेच तर लेटर होतं!

आता थोडं मागचं सांगते, म्हणजे एचआरवाल्याच्या बाजूनं हे कसं दिसतं ते कळेल. चॅटजीपीटी लोकांच्या हाती आलं ते २०२२ च्या नोव्हेंबरच्या अखेरीस. त्याआधी सगळे आपापल्या मनानं लिहीत होते असं समजू नका. मी कामाला लागले तेव्हा बसस्टँडजवळच्या सायबर कॅफेत बायोडेटा आणि लेटरचा तयार मजकूर मिळायचा. टायपिंगवाला नाव, पत्ता, कोर्स बदलून प्रिंट काढून द्यायचा. एकाच तालुक्यातून येणाऱ्या अर्जांवर एकच 'आय बेग टू अप्लाय' असायचं, एकच स्पेलिंगची चूक असायची. 'हार्डवर्किंग' हा शब्द एका ठरावीक गावाकडून नेहमी एक अक्षर कमी घेऊन यायचा. आम्ही चुकीवरून कॅफे ओळखायचो. तेव्हा एआयनं केलं काय, तर त्या टायपिंगवाल्याला उत्तम इंग्रजी शिकवलं आणि फुकटात घरी आणून बसवलं. मजकूर उसना तो उसनाच राहिला.

पण एक फायदा मोठा झाला, आणि तो मी मोकळ्या मनानं मान्य करते. इंग्रजीपायी चांगली पोरं मागं राहायची. जतहून, आंबेजोगाईहून आलेला मुलगा मशीनवर बिनधास्त असायचा, पण त्याचा मेल वाचून आमचे साहेब तोंड वाकडं करायचे. मीही केलं असेल. त्या मुलाला आता नीट वाक्यात स्वतःचं म्हणणं मांडता येतं, हे चांगलंच झालं. म्हणून 'एआय वापरू नका' असा सल्ला मी देणार नाही. वापरा. फक्त त्याला लेखनिक म्हणून वापरा. तुमची माहिती तुम्ही द्यायची, वाक्यं त्यानं जुळवायची. तुम्ही उलटं केलंत. वाक्यं त्यानं दिली आणि माहिती कुणीच दिली नाही.

ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरची भीती तर डोक्यातून काढूनच टाका. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनंच २०२३ च्या जानेवारीत असं एक साधन काढलं होतं. त्यांच्याच चाचणीत एआयनं लिहिलेल्यापैकी जेमतेम २६ टक्के मजकूर त्याला नीट ओळखता आला, आणि माणसानं लिहिलेला ९ टक्के मजकूर त्यानं एआयचा म्हणून सांगितला. जुलैत त्यांनी ते बंद केलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखवलं की अशी साधनं इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांवर जास्त अन्याय करतात. परदेशी विद्यार्थ्यांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी स्वतः लिहिलेल्या निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून अधिक त्यांनी एआयचे ठरवले. म्हणजे आपल्यासारख्यांवरच गदा.

मी स्वतःही चुकलेय. लातूरकडच्या एका मुलीचं लेटर इतकं सुबक होतं की माझी ज्युनिअर म्हणाली, मॅडम, हे शंभर टक्के एआय. मीही मान हलवली. बोलावल्यावर कळलं, बाई चार वर्षं एक्स्पोर्ट डिपार्टमेंटला परदेशी ग्राहकांचा पत्रव्यवहार बघत होत्या. त्या दिवसापासून कुणी लिहिलं हा विचार मी सोडला. आत काय आहे तेवढं बघते.

काही कंपन्या मात्र अर्जातच विचारतात की एआय वापरलं का, किंवा वापरू नका असं स्पष्ट लिहितात. तिथं खरं सांगायचं आणि सूचना पाळायची. क्लॉड हे चॅटजीपीटीसारखंच एआय बनवणाऱ्या अँथ्रॉपिकनंच २०२५ च्या सुरुवातीला आपल्या उमेदवारांना अर्ज लिहिताना एआय वापरू नका असं सांगितलं होतं, मग त्याच वर्षी ती अट सैल केली. घरचाच हा गोंधळ, तर बाकीच्यांचे नियम बदलत राहणारच. दर वेळी वाचून घ्या.

आता लिहायचं कसं ते.

चॅटजीपीटी, जेमिनी, कोपायलट, काहीही उघडा. माझ्या मते कुठलं वापरता यानं फार फरक पडत नाही. माइकचं बटण दाबा आणि मराठीत बोला. इंग्रजीचा विचारच करू नका. पाच मिनिटं, जसं मामाला सांगाल तसं : कारखान्यात काय बनतं, तुमच्या हातात काय असतं, कुठला त्रास होता, तो कसा मिटला. बोलता बोलता 'हे काय सांगायचं' असं जिथं वाटेल, तेच आवर्जून सांगा. मग खाली जाहिरातीचा मजकूर टाका आणि म्हणा : 'मला या जागेसाठी अर्ज करायचाय. लगेच लिहू नकोस. आधी मला प्रश्न विचार, एका वेळी एक. मी सांगितलं नाही ते काहीही घालू नकोस.'

ही प्रश्नांची युक्ती मी माझ्या भाच्यावर करून बघितली, म्हणून खात्रीनं सांगते. तुमच्या बुशच्या बाबतीत ते बहुधा विचारेल की पीस ओव्हरसाइज कधी यायचे, सतत का ठरावीक वेळी? तुम्ही म्हणाल, इन्सर्ट, म्हणजे मशीनचं कापणारं पातं, बदलल्यावर पहिले पाच-सहा, कारण ऑपरेटर ऑफसेट, म्हणजे नव्या पात्याप्रमाणं मापाची दुरुस्ती, नीट न देताच मशीन चालू करायचा, सेकंड शिफ्टला जास्त. मग विचारेल, मोजायचे कशानं? बोअर गेजनं. रजिस्टरची कल्पना कुणाची, तुमची का सुपरवायझरची? इथं जे खरं असेल ते सांगा, कारण मुलाखतीत मीही हेच विचारणार आहे. त्याआधी किती पीस बाद जायचे, आता किती? नक्की आकडा नसेल तर 'शंभरात चार-पाच जायचे, आता एखादा' असं सांगा. तो आकडा गुळगुळीत टक्केवारीपेक्षा मला जास्त पटतो, कारण शॉप फ्लोअरवर लोक असंच बोलतात.

मग लिहायला सांगा. दीडशे शब्द, साधं इंग्रजी, विशेषणं नकोत. तुमच्या प्रश्नात आहे तेवढ्यावरून आणि उरलेलं धरून चालून मी एक करून बघितलं. इंग्रजी मजकुराचा अर्थ असा :

'आपल्या इन-प्रोसेस इन्स्पेक्टरच्या जाहिरातीसंदर्भात हा अर्ज. मी कुपवाड येथे बुश बनवणाऱ्या कारखान्यात तीन वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. आमच्याकडं सीएनसीवर इन्सर्ट बदलल्यानंतरचे पहिले काही पीस बोअरला ओव्हरसाइज येत. इन्सर्ट बदलल्यावर तीन पीस बोअर गेजनं मोजून रजिस्टरला नोंदवल्याशिवाय मशीन पुढं चालवायचं नाही, अशी पद्धत मी सुपरवायझरांच्या परवानगीनं लावली. पूर्वी शंभरात चार-पाच पीस बाद जात, आता साधारण एक जातो. सीएमएम (पार्टची मापं घेणारं यंत्र) मी स्वतः चालवलेलं नाही, पण त्याचा रिपोर्ट मला वाचता येतो. नोटीस पीरियड तीस दिवस. चाकणला राहायला येण्याची तयारी आहे.'

संपलं. यात 'पॅशन' नाही, 'डायनॅमिक' नाही. पण मी हे वाचलं तर प्रिंट काढून क्वालिटी हेडच्या टेबलावर ठेवीन, आणि तो म्हणेल, बोलवा याला, आपल्याकडंही तेच रडगाणं आहे. सीएमएमचं वाक्य बघून घाबरलात ना? ठेवा ते. येत नाही ते ज्यानं आपणहून सांगितलं, त्याच्या उरलेल्या वाक्यांवर माझा विश्वास बसतो.

पहिला मसुदा असा येणार नाही हे सांगून ठेवते. यंत्राला गोड बोलायची सवय आहे. तुमच्या रजिस्टरला ते 'क्वालिटी ट्रान्सफॉर्मेशन इनिशिएटिव्ह' म्हणेल, तुम्ही ते 'स्पिअरहेड' केलं म्हणेल. माझी एक सोपी चाचणी आहे. लेटर मोठ्यानं वाचा. जो शब्द तुम्हाला तुमच्या सुपरवायझरसमोर न हसता उच्चारता येणार नाही, तो काढा. दोनतीन वेळा 'अजून साधं कर' म्हणावं लागतं, मग ते ताळ्यावर येतं.

गोडव्यापेक्षाही वाईट म्हणजे ते न सांगितलेलं भरतं. ते काही कपटानं करत नाही. अशा लेटरमध्ये एरवी जे असतं ते तिथं आणून बसवणं हाच त्याचा स्वभाव. मागं एक मुलगा आला होता, गेज हातात घेतल्यावर बघत राहावं असा. त्याच्या लेटरमध्ये 'सिक्स सिग्मा ग्रीन बेल्ट' होतं, म्हणजे क्वालिटी सुधारायच्या एका पद्धतीचं प्रमाणपत्र. आमच्या प्लँट हेडनं सहज विचारलं की डीमेक या त्या पद्धतीच्या पायऱ्यांच्या नावातला एम म्हणजे काय. पोराचा चेहरा पडला. थोड्या वेळानं हळूच म्हणाला, 'मॅडम, ते त्यानंच टाकलं. मी वाचलंच नाही.' मला हसू आलं, प्लँट हेडला नाही आलं. ज्याची सही इन्स्पेक्शन रिपोर्टवर जाणार, तो स्वतःच्या अर्जावरची ओळ न वाचता पाठवतो, यावर मी काय बोलणार होते? नाही घेता आलं त्याला. आजही वाईट वाटतं.

म्हणून पाठवण्याआधी प्रत्येक वाक्यावर बोट ठेवा आणि स्वतःला विचारा, यावर मला मराठीत का होईना, दोन मिनिटं बोलता येईल का? मुलाखतीत आम्ही लेटरमधूनच सुरुवात करतो.

न वाचता पाठवण्याचे बाकीचे प्रकारही बघितलेत. वर 'श्युअर, हिअर इज युअर कव्हर लेटर' तसंच राहिलेलं. कंपनीच्या नावाच्या जागी चौकटी कंसात 'कंपनी नेम'. दुसऱ्याच कंपनीचं नाव, तेही आमच्या स्पर्धकाचं. एकदा एकाच दिवशी एकाच कॉलेजच्या दोन मुलांची लेटरं आली, पासिंगचं वर्ष सोडलं तर सारखी. दोघांनाही बोलावलं नाही, कारण कुणाला बोलवायचं तेच ठरेना.

साठ ठिकाणी एकच लेटर पाठवण्यापेक्षा आठ ठिकाणी आठ वेगळी पाठवा. वेगळी म्हणजे सगळी नव्यानं नाही. बुशचा परिच्छेद तोच राहू दे. जाहिरातीतली कुठली गोष्ट तुमच्याकडं आहे हे सांगणारं वाक्य तेवढं दर वेळी बदला. एआयला जाहिरात आणि तुमचा बोललेला मजकूर शेजारीशेजारी देऊन 'यातलं कुठं जुळतं, कुठं नाही' असं विचारलं की ते हे छान काढून देतं. 'कुठं नाही' हेही विचारा. त्यावरून काही ठिकाणी अर्जच करायचा नाही असं ठरेल, आणि तेही बरंच.

एटीएसबद्दल, म्हणजे आलेले अर्ज साठवणाऱ्या आणि चाळणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल, तुम्ही विचारलंय, की लेटर त्यातच अडकतं का. आमच्याकडं एटीएस म्हणजे शोधायची सोय असलेलं कपाट आहे. नोकरी डॉट कॉमवर किंवा आमच्या सिस्टीममध्ये मी आधी गाळणी लावते ती नोटीस पीरियड, सध्याचा पगार, अपेक्षित पगार, गाव आणि अनुभवाची वर्षं यांची. नव्वद दिवस नोटीसवाल्याला निकडीच्या जागेसाठी मी उघडतही नाही. त्यामुळं प्रोफाइलवर या पाच गोष्टी अर्धवट असतील तर लेटर कितीही सुंदर असो, ते माझ्यापर्यंत येतच नाही. साठ अर्जांचं उत्तर कदाचित इथंच असेल, आधी तेच तपासा. आणि पांढऱ्या अक्षरांत जाहिरातीतले शब्द लपवून ठेवायची युक्ती कुणी सांगितली तर करू नका. सिस्टीम सगळा मजकूर साधा करून दाखवते, तुमचे लपवलेले शब्द मला काळ्या अक्षरांत ओळीनं दिसतात.

लेटर वेगळी फाइल करून जोडू नका. मेलमध्येच लिहा. मी निम्मे मेल मोबाइलवर, कंपनीच्या बसमध्ये बघते. वरच्या दोन ओळी दिसतात, त्यात बुश आणि बोअर दिसलं तर उघडते. विषयाच्या ओळीत पद, अनुभव आणि नोटीस पीरियड एवढं पुरे.

शिक्षणसंस्था, पतसंस्था, साखर कारखाना अशा ठिकाणी मराठीतून अर्ज करायचा असेल तर एआयच्या मराठीपासून जपून. एकदा एका ओळखीच्या मुलीनं दाखवलं, सुरुवातच 'प्रिय नियुक्ती व्यवस्थापक'. संस्थेचे सचिव हे वाचून चहा सांडतील. तिथं आपला जुना साचाच बरा : प्रति, विषय, संदर्भ म्हणून जाहिरातीचं वर्तमानपत्र आणि तारीख, महोदय, आणि शेवटी आपला विश्वासू. साचा तुम्ही द्या, मधला मजकूर त्याला नीटनेटका करू द्या, 'इंग्रजीतून उतरवल्यासारखं लिहू नकोस' असं बजावून.

जर्मनीला जाणाऱ्यांचेही प्रश्न हल्ली येतात. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं बाडेन-व्युर्टेंबर्ग या तिथल्या राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून जास्तच. तिकडं पानभराचं अर्जपत्र, त्यांच्या भाषेत आनश्राइबेन, अजून बरेच लोक मन लावून वाचतात. तुमचं जर्मन बी वन, म्हणजे मधल्या पातळीचं, असेल तर एआयला 'बी वनच्या पातळीवर लिही' असं स्पष्ट सांगा. पत्र सी वनचं, म्हणजे बरंच वरच्या पातळीचं, आणि व्हिडिओ कॉलवर 'वी बिटं', म्हणजे 'काय म्हणालात?', असं झालं की खेळ तिथंच संपतो.

आणखी एक. आधार नंबर, पॅन, पगाराची स्लिप, कारखान्याचं ड्रॉइंग, ग्राहकाचं नाव यातलं काहीही त्या चॅटमध्ये टाकू नका. लेटरला त्याची गरज नसते. ड्रॉइंग तुमच्या मालकाचंही नसतं, त्याच्या ग्राहकाचं असतं. चॅटजीपीटीच्या सेटिंगमध्ये डेटा कंट्रोल्स म्हणून भाग आहे, तिथं तुमचा मजकूर मॉडेल सुधारायला वापरू देण्याचं बटण आहे, ते बंद करून ठेवा.

आता या आठवड्यात वरची पाच गाळणी तपासा, बुशचं लेटर करा आणि आठ ठिकाणी पाठवा. आणि पाठवल्यावर अनोळखी नंबरचे फोन उचला. आमच्या रिक्रूटरचा नंबर दिवसातून पन्नास जणांना जातो, त्यामुळं ट्रूकॉलरवर तो बऱ्याचदा लाल होऊन 'स्पॅम' दाखवतो. दोन महिन्यांत एकही फोन नाही म्हणताय, तर ती ब्लॉक केलेल्या नंबरांची यादीही एकदा उघडून बघा. ०२० किंवा ०२१३५ नं सुरू होणारं काही असेल, तर आजच उलटा फोन लावा.